हिवाळ्यात ऑस्ट्रिया: शहरं, बर्फ आणि पहिल्यांदाच स्की करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी आठ वर्षं झाली इन्सब्रुकमध्ये राहते. दिवाळी संपली की नाशिक-पुण्याकडून नातेवाईक, मैत्रिणी, मैत्रिणींच्या जावा असे सगळ्यांचे मेसेज सुरू होतात, आम्ही येतोय, काय काय बघायचं, बर्फ असेल का, स्की जमेल का. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतेय.

स्वित्झर्लंड सोडून ऑस्ट्रियाच का?

स्वित्झर्लंड सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण हॉटेल, जेवण, स्की पास (उतारांवरच्या लिफ्टचं तिकीट) सगळंच इकडे त्या मानाने स्वस्त पडतं. आणि मला खरं कारण वेगळंच वाटतं, इथे मोठी जुनी शहरं आणि बर्फाचे डोंगर एकाच ट्रेनच्या मार्गावर आहेत. व्हिएन्ना, साल्झबर्ग, इन्सब्रुक, सेंट अँटन, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ ओळीत. सकाळी राजवाडा बघून दुपारच्या ट्रेनने निघालात तर रात्री जेवायला डोंगराच्या पायथ्याशी पोचता. शिवाय आज जगभर जे स्की शिकवतात त्याचा बराचसा पाया इथेच घातला गेलाय. १९०५ साली माथियास झ्डार्स्कीने लिलिएनफेल्डला बर्फात खांबांची फाटकं लावून, त्यांतून वळत उतरायची पहिली स्लॅलम शर्यत घेतली आणि पुढे सेंट अँटनला हानेस श्नायडरने १९२१ मध्ये स्कीची शाळाच काढली. त्यामुळे शिकवणं हा इथल्या लोकांचा पिढीजात धंदा आहे, आणि शिकताना ते जाणवतं.

किती दिवस काढून यायचं?

दहा दिवस. व्हिएन्नाला तीन, साल्झबर्गला एक किंवा दोन, आणि उरलेले सगळे डोंगरात एकाच गावी मुक्काम करून. दहा दिवसांत पाच देश वाली टूर असेल तर माझं स्पष्ट मत आहे की स्की त्यात घालूच नका, कारण पहिला दिवस फक्त बूट आणि पाय यांची ओळख होण्यात जातो, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, आणि तिसऱ्या दिवशी कुठे मजा यायला लागते, नेमकी तेव्हाच तुमची बस पुढच्या देशाला निघालेली असते. कमीत कमी सलग तीन दिवस, जमलं तर चार.

कधी यावं?

डिसेंबरच्या मध्यापासून मार्च अखेरपर्यंत. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा महाग असतो आणि गर्दीचाही. फेब्रुवारीत इथल्या शाळांना आठवड्याभराची सुट्टी असते, ती नऊ राज्यांना आलटून पालटून देतात, म्हणजे जवळपास अख्खा महिना कुणाची ना कुणाची सुट्टी चालूच. ६ जानेवारीची सुट्टी संपल्यापासून महिनाअखेरपर्यंतचे दिवस मला सगळ्यात आवडतात, शांत असतात, हॉटेलांचे दर उतरलेले असतात, थंडी मात्र कडक. नवशिक्यांना आणि लहान मुलांना मार्च बरा, दिवस मोठा, ऊन छान, फक्त दुपारी दोननंतर बर्फाचा चिखल होतो म्हणून सकाळी लवकर निघायचं. नाताळचे बाजार बघायचे असतील तर नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत या.

बर्फ नक्की मिळेल ना?

शहरात मिळेलच असं नाही. इन्सब्रुक समुद्रसपाटीपासून ५७४ मीटरवर आहे, इथे रस्त्यावर बर्फ पडला तर पडतो, नाहीतर जानेवारीतही रस्ते कोरडे. वर मात्र असतो. १९६४ साली इथे हिवाळी ऑलिम्पिक झालं तेव्हा नेमका बर्फच पडला नव्हता, सैन्याने डोंगरावरून बर्फ वाहून आणून उतारांवर पसरला होता. आता बर्फ तयार करणाऱ्या मशीन सगळीकडे आहेत पण त्यांनाही थंडी लागते. म्हणून उंचावरची जागा निवडा. क्यूटाई हे गाव २०२० मीटरवर आहे, श्टुबाईची हिमनदी त्याहून उंच, आणि झिलरटालमधल्या हिंटरटुक्स हिमनदीवर तर बाराही महिने स्की चालतं. अर्थात या हिमनद्या वर्षागणिक मागे सरकतायत. इथला अल्पाइन क्लब १८९१ पासून त्यांची मोजणी करतो, आणि उन्हाळ्यात काही भाग पांढऱ्या कापडाने झाकून ठेवतात ते मी स्वतः पाहिलंय. बघून पोटात तुटतं.

व्हिसा आणि इन्शुरन्सचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. जास्त दिवस ऑस्ट्रियात असाल तर अर्ज ऑस्ट्रियाकडेच करायचा. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा हवा हा नियमच आहे, पण इथे एक गोष्ट नीट ऐका. बऱ्याच पॉलिसींमध्ये स्की हा साहसी खेळ म्हणून वगळलेला असतो. पॉलिसीत स्की आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही आहे का हे एजंटला लेखी विचारा, कारण उतारावर पाय मोडला आणि हेलिकॉप्टर आलं तर बिल हजारो युरोंमध्ये येतं. माझ्या ओळखीच्या एका घरावर ही वेळ आली होती, मुलगी महिन्याभरात बरी झाली पण पैसे फेडायला दोन वर्षं लागली.

व्हिएन्नात तीन दिवसांत काय बघायचं?

सगळं बघायला जाऊ नका, थकाल. शोनब्रुन राजवाडा बघा, त्यात १,४४१ खोल्या आहेत, तुम्हाला त्यातल्या थोड्याच दाखवतात पण तेवढ्या पुरतात, आणि मागच्या बागेतून चढून टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंत जरूर जा. मुलं असतील तर तिथलंच प्राणिसंग्रहालय, १७५२ पासून चालू असलेलं, जगातलं सगळ्यात जुनं. सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, गोल गोल जिना आणि खूप अरुंद, ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी उत्तरेकडच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे तिने जावं. वरच्या बेल्वेडेर राजवाड्यात क्लिम्टचं ‘चुंबन’ हे चित्र आहे. छापील फोटोत त्यातलं सोनं नुसतं पिवळं दिसतं, समोर उभं राहून एक पाऊल डावीकडे सरकलं की ते चमकतं, पुन्हा उजवीकडे सरकलं की दुसराच तुकडा चमकतो, मी तिथे अर्धा तास उभी होते.

प्राटर या बागेतला मोठा पाळणा १८९७ चा आहे, संध्याकाळी दिवे लागल्यावर बसा. ऑपेराची तिकिटं महाग म्हणून लोक बाहेरूनच फोटो काढतात, पण तिथे उभं राहून बघायची तिकिटंही असतात आणि ती अगदी थोडक्या युरोंत मिळतात, रेलिंगला रुमाल बांधून आपली जागा धरायची ही इथली पद्धत.

आणि एक संध्याकाळ नुसतं कॅफेमध्ये बसा. मेलांज नावाची दुधाची कॉफी मागवा, ती छोट्या ट्रेमध्ये पाण्याच्या ग्लासासकट येते, एका कॉफीवर दोन तास बसलात तरी उठा म्हणून कुणी सांगत नाही. ते पाणी नळाचंच असतं, आणि १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांमधून शहरात येतंय, त्यामुळे बाटल्या विकत घेऊ नका.

साल्झबर्ग आणि हॉलस्टॅट एका दिवसात होईल का?

होईल, पण दोन्हीचं वाटोळं करून. साल्झबर्गला किल्ला आहे, १०७७ मध्ये बांधायला घेतलेला, त्यावरून नदी आणि चर्चचे घुमट दिसतात, खाली गेट्राइडेगासेमध्ये ९ नंबरच्या घरात १७५६ साली मोझार्ट जन्मला. या गल्लीत दुकानांवर लोखंडी नक्षीच्या पाट्या टांगलेल्या आहेत, मान वर करून चाला. हॉलस्टॅट फोटोतल्यासारखंच आहे, पण गाव अगदी छोटं, रेल्वे स्टेशन तळ्याच्या पलीकडे, तिथून बोटीने यावं लागतं, आणि हिवाळ्यात डोंगरामागे ऊन लवकर जातं. जायचंच असेल तर त्याला वेगळा दिवस द्या.

इन्सब्रुकमध्ये शहर बघायचं की डोंगर?

दोन्ही, आणि तेही एकाच दिवशी. माझं गाव म्हणून सांगत नाही, पण जुन्या गावाच्या कडेला असलेल्या स्टेशनवरून निघून अर्ध्या तासात दोन हजार मीटरच्या वर, असं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. आधी हुंगरबुर्गपर्यंत छोटी रेल्वे, तिची स्टेशनं वास्तुविशारद झाहा हदीदने डिझाइन केलीयत, २००७ ची, वितळलेल्या बर्फासारखी दिसतात. मग केबलकारने झेग्रुबे आणि तिथून हाफेलेकार. वरच्या स्टेशनवरून एका बाजूला खाली अख्खं इन्सब्रुक, विमानतळाच्या धावपट्टीसकट, आणि पाठ फिरवली की नुसते डोंगरामागे डोंगर, एकही घर नाही. मात्र वरून सुरू होणारे स्कीचे उतार भयानक तीव्र आहेत, नवशिक्यांनी तिथे फक्त बघायला जायचं.

खाली जुन्या गावात सोनेरी छत आहे, सम्राट मॅक्सिमिलियनच्या सज्जावर सोन्याचा मुलामा दिलेली २,६५७ तांब्याची कौलं. पाच मिनिटांवर होफकिर्खे या चर्चमध्ये माणसापेक्षा मोठे २८ ब्राँझचे पुतळे त्याच्या थडग्याभोवती पहाऱ्याला उभे आहेत आणि थडगं रिकामं आहे, त्याला पुरलंय व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाटला. बेर्गिझेल टेकडीवरची स्कीच्या उडीची घसरपट्टीही हदीदचीच. १९६४ आणि १९७६ दोन्ही ऑलिम्पिक इथेच झाली. १९७६ चं खरं तर डेन्व्हरला ठरलं होतं, तिथल्या लोकांनी नको म्हटलं म्हणून इकडे आलं.

आपल्यासाठी एक खास गोष्ट, भारत हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा उतरला तो इथेच, १९६४ मध्ये. संघ म्हणजे एकटे जेरेमी बुजाकोव्स्की, डोंगरउताराच्या शर्यतीत. ती शर्यत झाली तो पात्शरकोफेल डोंगर ट्राममधून दिसला की मला दरवेळी तेच आठवतं, एवढ्या मोठ्या देशाचा एकच माणूस त्या उतारावर उभा राहिला होता.

कधीच स्की केलं नाहीये, जमेल का?

जमेल. फक्त मित्राकडून शिकू नका, नवऱ्याकडून तर अजिबात नको. स्की स्कूलमध्ये नाव घाला, ग्रुपमध्ये तीन दिवसांचा कोर्स असतो, सकाळी दोन तास दुपारी दोन तास असं काहीसं.

बुटापासून सुरुवात होते. स्कीचा बूट प्लास्टिकचा, कडक, उभं राहिलं की नडगी पुढच्या जिभेवर टेकली पाहिजे आणि टाच जरासुद्धा उचलली जाता कामा नये. पहिल्या वर्षी मला एका दुकानाने दोन साइझ मोठा बूट दिला, आपल्या चपलेसारखा सैल आणि आरामाचा वाटला म्हणून मीही गप्प बसले, आणि अख्खा दिवस पाय आत फिरत राहिला, स्की एकीकडे मी दुसरीकडे, संध्याकाळी घोटा सुजला. सैल बूट परत करा, दुकानदाराला दहादा त्रास द्या, ते काम आहे त्याचं. मोजे एकच जोडी, गुडघ्यापर्यंत. दोन जोड्या घातल्या की घडी पडते आणि तिथे फोड येतो. वजन खरं सांगा, लाजू नका, कारण बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोरात सुटायचं ते वजन, उंची आणि तुमच्या अनुभवावरून ठरवतात आणि पडल्यावर ते वेळेत सुटलं नाही तर गुडघा पिळवटतो.

मग बर्फावर. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ आधी काठीने खरवडायचा, पुढचं टोक घालायचं, टाच दाबायची, खटकन आवाज येतो. पहिला तास सपाट जागेवरच जातो. मग नांगर शिकवतात, स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, मुलांना सांगताना पिझ्झाचा तुकडा म्हणतात. टाचा बाहेर ढकलल्या की वेग कमी होतो. भीती वाटली की आपण आपोआप मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्की सुसाट पळतात, इथेच सगळे पडतात. नडग्या बुटावर दाबून पुढे झुकायचं, हात समोर धरायचे, चहाचा ट्रे धरल्यासारखे, आणि जिथे जायचं तिकडे बघायचं, पायाकडे नाही. पडलात तर स्की उताराला आडव्या करून मग उठा. वर जायला सरकता पट्टा असतो, एअरपोर्टवर असतो तसाच, त्याला इथे जादूचा गालिचा म्हणतात.

मग कुठल्या रिसॉर्टला जाऊ? सेंट अँटन, किट्झब्यूएल, इश्गल?

पहिल्या वेळी यापैकी कुठेही नको. सेंट अँटन, लेख (Lech) वगैरे गावं मिळून आर्लबर्गमध्ये ३०० किलोमीटरच्या आसपास उतार आहेत, ऑस्ट्रियातला सगळ्यात मोठा जोडलेला भाग, पण ते स्की येणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही वापरणार त्यातले दोनशे मीटर आणि पास मात्र पूर्ण किमतीचा. किट्झब्यूएल गाव फिरायला गोड आहे, जानेवारीत तिथे हानेनकामची शर्यत असते, १९३१ पासूनची, ती बघायला जरूर जा, पण त्या शर्यतीच्या श्ट्राइफ उताराखाली उभं राहून वर बघितलं तरी पोटात गोळा येतो. शिकायला इन्सब्रुकजवळ मुटररआल्म, किंवा उंचावर हवं तर क्यूटाई. बस जाते. हॉटेलकडून पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावर स्कीबस फुकट आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा.

दुसऱ्यांदा येत असाल तर श्टुबाई, झोल्डन, झेल आम झे आणि काप्रुन, सगळं तुमचंच.

उतारांचे रंग कसे वाचायचे?

निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. निळा म्हणजे सपाट नव्हे हे लक्षात ठेवा. खांबांच्या बाहेर, ताज्या पांढऱ्या बर्फात कितीही मोह झाला तरी जायचं नाही, हिमस्खलनाचा धोका १ ते ५ आकड्यात रोज जाहीर होतो आणि ३ ला सुद्धा माणसं दगावतात. पुढे असलेल्याला आधी हक्क, मागून येणाऱ्याने सांभाळायचं. थांबायचं असेल तर कडेला. काही झालं तर १४० हा डोंगरातल्या बचाव पथकाचा नंबर, नाहीतर ११२.

कपडे इथून नेऊ की तिथे घेऊ?

थर्मल, फ्लीस आणि मोजे आणा. स्कीची पँट-जॅकेट भाड्याने बऱ्याच ठिकाणी मिळतात, हेल्मेट तर सगळीकडे. बऱ्याच राज्यांत १५ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, तुम्ही मोठ्यांनीही घालाच. जीन्स नको, सुती बनियन नको, भिजलं की अंगावरच गार पडतं. हातमोजे पाण्याला दाद न देणारे हवेत. सनस्क्रीन लावा, बर्फावरून ऊन उलटं वर येतं आणि हनुवटीखाली, नाकपुड्यांपाशी भाजतं.

खर्च किती येतो?

मोठ्या ठिकाणी मोठ्यांचा दिवसाचा पास सध्या ७०-८० युरोच्या घरात, छोट्या ठिकाणी बराच कमी, आणि नुसत्या शिकायच्या पट्ट्याचं तिकीट त्याहून कमी. पहिल्या दिवशी पूर्ण पास घेऊच नका, शिक्षकाला विचारून घ्या.

शाकाहारी आहोत, उपाशी तर राहणार नाही ना?

नाही, पण विचारून खा. सूप शाकाहारी दिसलं तरी त्याचं पाणी बहुतेकदा गोमांसाचं असतं, आणि बटाट्याच्या, डाळीच्या पदार्थात डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे सापडतात. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको आणि ते तुकडेही नको. डोंगरावरच्या लाकडी हॉटेलात केझश्पेट्झले मागवा, चीजमधल्या छोट्या शेवया, लोखंडी तव्यातच येतात, वर कुरकुरीत कांदा. अंडं चालत असेल तर कायझरश्मारन, जाडसर गोड धिरडं तव्यातच फाडून वर पिठीसाखर आणि सोबत आलुबुखारचा मुरांबा, दोन माणसांना एक पुरतं. गेर्मक्नोडल ही गोड सारण घातलेली वाफवलेली पाव-उंडी, वर खसखस आणि लोणी, ती बघून मला दरवेळी उकडीचे मोदक आठवतात.

ट्रेन की गाडी?

ट्रेन. व्हिएन्ना ते इन्सब्रुक सव्वाचार तासांच्या आसपास, तिकीट आधी काढलं तर खूप स्वस्त. साल्झबर्ग ते इन्सब्रुकची ट्रेन मध्ये जर्मनीतून जाते, पासपोर्ट बॅगेत खोल ठेवू नका. गाडी घेतलीच तर हायवेचा टोल पास घ्यावा लागतो आणि १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर लागतात.

रविवारी पोचतोय, चालेल?

चालेल, पण दुकानं बंद. सुपरमार्केटसुद्धा. मोठ्या स्टेशनातलं एखादं उघडं असतं. दूध, ब्रेड, मुलांचं खाणं शनिवारीच घ्या.

वाट वाकडी करून बाड गास्टाइनला थांबावं का?

थांबा. गावाच्या मधोमध धबधबा कोसळतो, त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी उंच हॉटेलं, वर स्कीचे उतार, खाली गरम पाण्याचे झरे. सुभाषचंद्र बोस तब्येतीसाठी इथे येऊन राहिले होते आणि २६ डिसेंबर १९३७ ला एमिली शेंकल यांच्याशी त्यांचं लग्न इथेच झालं. पुलावर उभं राहिलं की पाण्याचे तुषार चेहऱ्यावर येऊन गोठतात.

आई-बाबा सोबत आहेत, त्यांनी दिवसभर काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर पहिला विचारायला हवा. स्की न करणाऱ्यांसाठी केबलकारचं वेगळं, पायी जाणाऱ्यांचं तिकीट असतं. वर बर्फ दाबून केलेल्या पायवाटा असतात, बाकं असतात, उन्हात बसायला खुर्च्या. रोडेल म्हणजे लाकडी घसरगाडी, तिच्यासाठी वेगळा रस्ता असतो, बाबांना ती हमखास आवडते, फक्त ब्रेक पायाने लावायचा हे आधी दाखवा. बूट खाचांचे हवेत, आणि बर्फावर चालायला तळाला लावायचे काटे इथे स्वस्तात मिळतात, ते घ्याच, हॉटेलच्या दारातच पडलेली माणसं मी पाहिलीयत.

आणि त्यांना शिकायचं असेल तर शिकू द्या. माझी आई एकसष्टाव्या वर्षी आली होती, मी नको नको म्हणत असताना तिने तिच्या वयाच्या एका शिक्षिकेकडे दोन तासांचा क्लास लावला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. शिक्षिका उलटी, तिच्यासमोर तोंड करून घसरत होती, आईच्या दोन्ही स्कीची टोकं हाताने धरून, आणि आई मराठीत हळू, हळू म्हणत होती. तिसऱ्या फेरीला बाईंनी हात सोडले, आईला कळलंच नाही. खाली आली, थांबली, मागे वळून बघितलं, आणि मला म्हणाली शाल धर जरा, गरम होतंय, मी अजून एकदा वर जाऊन येते.